मिनी ट्रॅक्टरने स्वतःच्या रानातलं लाकूड काढणं आणि घरी चिरणं: कितपत जमेल?

प्रश्न थोडक्यात असा. लांजा-राजापूरकडे वडिलोपार्जित उताराची जमीन आहे. गडग्याच्या कडेने वीसेक वर्षांपूर्वी लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ आता दांडगी झाली आहे, मधे थोडा साग आहे, दोन फणस वठले आहेत. दारात २४ अश्वशक्तीचा, चारही चाकं चालणारा मिनी ट्रॅक्टर आहे. गोठ्याचं आणि मांगराचं छप्पर बदलायचं आहे, लाकूड विकायचं नाही. याच ट्रॅक्टरने ओंडके घरापर्यंत आणून खळ्यात वासे-फळ्या चिरता येतील का, की मोठा ट्रॅक्टर घ्यावा लागेल?

येतील. मोठा ट्रॅक्टर घेऊ नका. कोकणातल्या उतारावर, गडग्यांच्या मधून आणि पाणंदीतून ५० अश्वशक्तीचं धूड वळवण्यापेक्षा तुमचा आहे तोच बरा. ताकद किती हे सगळे पहिल्यांदा विचारतात, पण अपघात ताकद कमी पडल्यामुळे होत नाहीत. ट्रॅक्टर नको त्या जागी गेल्यामुळे आणि साखळी नको त्या ठिकाणी बांधल्यामुळे होतात. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर राहील: लाकडाच्या कामात ट्रॅक्टर शक्यतो उभा राहिला पाहिजे. ओंडका रोपाने, म्हणजे तारेच्या दोराने, ट्रॅक्टरकडे यावा, ट्रॅक्टरने ओंडक्याकडे उतारावर जाऊ नये.

झाडाला हात लावण्याआधी कागद. महाराष्ट्रात मालकीच्या जमिनीतलं झाडसुद्धा १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली येतं. साग, ऐन, आंबा, फणस, खैर, जांभूळ, हिरडा ही झाडं त्याच्या अनुसूचीत आहेत, म्हणजे तुमचा साग आणि ते वठलेले फणस दोन्ही आले. वठलेलं झाड आहे म्हणून परवानगी लागत नाही असं गावात सांगतील, त्यावर विसंबू नका. सातबारा सामायिक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आधी गोळा करा. कोकणात मुंबईतल्या चुलतभावाच्या सहीसाठी अख्खा हंगाम जातो, तेव्हा हे काम गणपतीतच उरका, सगळे गावाला आलेले असतात. गडग्यावरच्या झाडांची हद्द शेजाऱ्याला बोलावून, त्याच्यासमोर ठरवा. बाभळीला तोडीसाठी आणि वाहतुकीसाठी काय लागतं ते परिक्षेत्र वन कार्यालयात विचारून घ्या, कारण सवलतीच्या जातींची यादी बदलत असते. सावंतवाडी-दोडामार्गकडे न्यायालयाच्या आदेशाने वेगळे निर्बंध आहेत, आणि गोव्यात १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा लागतो. तिकडचे वाचक असतील तर त्यांनी माझं वरचं वाक्य आपल्याला लागू धरू नये.

यापेक्षा महत्त्वाचं पुढे आहे. खळ्यात इंजिनावर किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओवर (यंत्रं चालवायला मागे फिरणाऱ्या दांड्यावर) चालणारी करवत कायमची बसवली, तर ती आरा गिरणी ठरू शकते आणि आरा गिरणीला परवाना लागतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या, जंगलांबद्दलच्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशापासून या गिरण्यांवर कडक नजर आहे, आणि २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर परवान्याचा निर्णय राज्यस्तरीय समितीकडे असतो. घरच्यापुरतं चिरतो, विकत नाही, हे तोंडी सांगून भागत नाही. तुम्ही जे यंत्र वापरणार त्याचं वर्णन लिहून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या. उत्तर नकारार्थी आलं तर ओंडके रीतसर पासावर परवानाधारक गिरणीत न्या. तरीही खालचं सगळं उपयोगी पडेल, कारण गिरणीवाल्याला कसं चिरायचं हे तुम्हीच सांगायचं असतं आणि लाकूड टिकतं की फुकट जातं हे गिरणीनंतर ठरतं.

आता वजन. वखारीत लाकूड घेरावर मोजतात: घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं. ४८ इंच घेर आणि १० फूट लांबी असेल तर चौथा भाग १ फूट, म्हणून १० घनफूट. हे माप चिराईची तूट धरून केलेलं आहे; त्या ओंडक्यात खरं लाकूड पावणेतेरा घनफुटांच्या जवळपास असतं. ओल्या बाभळीचं किंवा सागाचं वजन साधारण पाण्याइतकं धरा, घनफुटाला २८ किलो. म्हणजे दिसायला बेताचा हा ओंडका साडेतीनशे किलोंचा आहे. ओला ऐन तर याहून जड.

तुमचा ट्रॅक्टर मॉडेलप्रमाणे सात-आठशे किलोंचा असेल. हा ओंडका पुढचं टोक उचलून मागे लटकवला की निम्मं वजन, पावणेदोनशे किलो, मागच्या आसाच्या मागे लोंबतं. त्याने पुढच्या चाकांवरचं सुमारे ९० किलो वजन कमी होतं. पुढच्या चाकांवर मुळात तीनशेच्या आतबाहेर असतं, तेव्हा सपाटीवरच एक तृतीयांश गेलं. वाहनाच्या एकूण वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला नाही तर स्टिअरिंग नुसतं फिरतं, ट्रॅक्टर वळत नाही. हे गणित सपाटीवर कसंबसं जमतं, चढावर नाही. म्हणून पुढे कंपनीची लोखंडी वजनं लावा. आणि जाड बुंध्याचे तुकडे सहा-सात फुटांचे करा. छपराला दहा फुटी वासा हवा असला तरी तो शेंड्याकडच्या बारीक भागातून निघतो. बुंधा फळ्यांसाठी आहे, आणि फळ्या आखूड चालतात.

साखळी कुठे बांधायची हे मी जोर देऊन सांगतो, कारण यात माणसं गेली आहेत. ओढ नेहमी मागच्या आसाच्या खालून, ड्रॉबारवरून (ट्रॅक्टरच्या मागच्या ओढपट्टीवरून) घ्यायची. टॉप लिंकच्या (मागच्या अवजाराच्या वरच्या दांड्याच्या) कानाला, आसाच्या नळीला किंवा सीटखालच्या कुठल्याही लोखंडाला साखळी गुंडाळायची नाही. ओंडक्याचं तोंड मुळाला किंवा जांभ्याच्या खडकाला अडलं, मागच्या चाकांनी जमीन घट्ट धरली, की इंजिनाची ताकद चाक फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचं धड आसाभोवती फिरवते. पुढची चाकं उचलतात आणि दीड सेकंदात ट्रॅक्टर मागे उलटा होतो. तेवढ्यात क्लच सुचत नाही. ओढ आसाच्या खाली असेल तर पुढचं तोंड वर उठू लागताच हुक खाली जातो आणि ओढ आपोआप कमी होते. वर बांधलेली साखळी उलटायला मदतच करत राहते.

हायड्रॉलिकच्या हातांवर ओंडक्याचं नाक उचलून नेत असाल तर ते वीतभर किंवा फारतर फूटभर उचला, मागच्या आसाच्या मध्याच्या वर कधीच नको. ओंडका ट्रॅक्टरच्या जितका जवळ बांधता येईल तितका जवळ. चालवताना हायड्रॉलिकच्या लिव्हरची जागा हाताला पाठ पाहिजे: नाक अडल्यासारखं वाटलं की लिव्हर खाली, ओंडका जमिनीवर, ओढ संपली. फास लावायला साखळी बरी, दोर नको. साखळीचा फास ओंडक्याच्या तोंडापासून दीड फूट मागे बसवा आणि तोंडाची खालची कड कुऱ्हाडीने गोल करून घ्या. बोटीच्या नाळीसारखं तोंड झालं की ओंडका दगडावर चढून पुढे येतो, अडत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, पण अर्धा दिवस वाचतो.

उतारावर आडवं जायचं नाही, ओंडका लटकवून तर मुळीच नाही. चढ सरळ चढायचा, उतार सरळ उतरायचा. तुमचं घर झाडांच्या खाली असेल तर बहुतेक फेऱ्या उताराच्या. तिथे चारही चाकं जोडून पहिल्या गिअरमध्ये, इंजिनाच्या रेट्यावर उतरा आणि क्लचला पाय लावू नका; क्लच दाबला की इंजिनाचा अटकाव सुटतो आणि मागचा ओंडका ट्रॅक्टरला ढकलत आणतो. पूर्ण ओंडका ट्रॉलीत असेल तर तो जास्त ढकलतो. शेपटी जमिनीवर घासत असेल तर ती ब्रेकचं काम करते. म्हणून तीव्र उतारावर ट्रॉलीपेक्षा ओढत आणणं बरं, आणि पाणंदीच्या सपाटीला लागल्यावर ट्रॉली.

आता मूळ मुद्दा, ट्रॅक्टर उभा ठेवण्याचा. नॉर्वे, फिनलंड, ऑस्ट्रियाकडचे शेतकरी आपल्या रानातलं लाकूड ट्रॅक्टरनेच काढतात, पण थ्री पॉइंटला (मागच्या अवजार जोडायच्या तीन दांड्यांना) पीटीओवर चालणारा विंच, म्हणजे रोप गुंडाळणारं यंत्र, लावून. ट्रॅक्टर वाटेवर उभा, विंचची पाती जमिनीत रुतलेली, आणि रोप पन्नास-साठ मीटर आत जाऊन ओंडका घेऊन येतो. असा विंच इथे मागवून घ्यावा लागतो आणि एका छपरासाठी तो खर्च परवडत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी आपल्या बाजारात मिळतात. एक, हाताने चालवायचा वायररोप पुलर, ज्याला दुकानदार टिरफर म्हणतात. काम सावकाश होतं, पण अडचणीच्या जागेतून पहिले वीस-तीस फूट ओंडका सोडवायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. दुसरी, एका बाजूने उघडणारी भक्कम पुली. मुळासकट पक्क्या झाडाच्या बुंध्याला, जमिनीलगत, रुंद पट्ट्याने ही पुली बांधायची. रोप ओंडक्यापासून पुलीतून वळवून ट्रॅक्टरकडे न्यायचा. ट्रॅक्टर कातळाच्या सपाटीवर सरळ रेषेत चालतो आणि ओंडका उतारावरून, झाडांमधून, हव्या त्या दिशेने येतो. ओढ दुप्पट हवी असेल तर पुली ओंडक्याला लावा आणि रोपाचं टोक झाडाला. ओंडका निम्म्या वेगाने पण दुप्पट जोराने येईल.

यात लक्षात ठेवायचं ते असं की झाडाला बांधलेल्या पुलीवर रोपाच्या ओढीच्या दुपटीपर्यंत भार येतो. म्हणून पुलीचा पट्टा आणि शॅकल (यू आकाराची जोडकडी) रोपापेक्षा दणकट लागतात. रोप जिथे वळतो त्या कोनाच्या आत कोणीही उभं राहायचं नाही. पुली सुटली तर ती त्याच बाजूला येते. ताणलेल्या रोपावरून ओलांडायचं नाही. त्यावर मधोमध जड गोणपाट टाकून ठेवा, तुटलाच तर उसळी कमी होते. नायलॉनचा जाड दोर स्वस्त मिळतो म्हणून वापरू नका, तो रबरासारखा ताणला जातो आणि तुटला की टोकाच्या हुकाची गोळी होते. वायररोपाला गाठ मारायची नाही. टोकाला डोळा करताना तीन क्लॅम्प लावा आणि तिन्ही एकाच बाजूने: क्लॅम्पचा यू आखूड टोकावर, खोगीर ओढीच्या लांब बाजूवर. बहुतेक ठिकाणी एक असा, एक तसा लावलेला दिसतो. तसा डोळा हळूहळू सरकतो आणि ऐन ओढीत सुटतो. पहिली ओढ दिल्यानंतर नट पुन्हा आवळायचे असतात.

ट्रॅक्टरवरच्या माणसाला ओंडका दिसत नसतो. इंजिनाच्या आवाजात हाकाही ऐकू जात नाहीत. दोघांना दिसेल अशा जागी तिसरा माणूस उभा करा आणि हाताच्या खुणा आधी ठरवा. खूण दिसेनाशी झाली की ट्रॅक्टर थांबवायचा.

तोडीबद्दल थोडक्यात, कारण ते लिहून शिकवण्यासारखं काम नाही. गावोगाव सरावलेले कटरवाले आहेत, त्यांनाच बोलवा. पण दिशा तुम्ही ठरवा: बुंधा वाटेकडे पडला पाहिजे, म्हणजे ओंडका बुंध्याच्या बाजूने ओढता येतो आणि फांद्यांचे खुंट अडत नाहीत. तुमच्या बाभळी उजेडाकडे झुकलेल्या असणार. झुकलेलं झाड मागून कापताना बुंधा उभा फाटून मागे उसळतो. तेव्हा कटरवाला घाई करतोय असं दिसलं तर थांबवा. झाड दिशेला खेचायला ट्रॅक्टर लावायचा तर तो झाडाच्या उंचीच्या दुप्पट लांब असावा, किंवा पुलीतून रोप वळवून पडण्याच्या रेषेबाहेर. शेजारच्या झाडात अडकलेलं झाड हा सगळ्यात वाईट प्रकार. त्याच्या खाली जाऊन ते ज्यावर अडकलंय ते झाड कापायचं नाही. बुंध्याला लांब रोप बांधून ट्रॅक्टरने मागे ओढून काढायचं.

वेळ निवडा. तोड नोव्हेंबरअखेर ते जानेवारी. जमीन वाळलेली असते, रोप चिखलात बुडत नाही, आणि चिरलेल्या लाकडाला पावसाआधी चार-पाच महिने कोरडी हवा मिळते. मार्चनंतर तोडलेलं लाकूड ओलंच पावसाळ्यात जातं आणि बुरशी-किड्यांच्या हवाली होतं.

ओंडका पाडल्याबरोबर दोन्ही तोंडांना जुना ऑइल पेंट किंवा मेण थापा. लाकूड तोंडाकडून सगळ्यात आधी सुकतं आणि तिथूनच तडे आत शिरतात. तरीही प्रत्येक तुकडा हव्या त्या मापापेक्षा चार इंच लांब ठेवा. ट्रॉलीवर चढवायला यारी लागत नाही: दोन मजबूत वासे ट्रॉलीच्या कडेला तिरके टेकवा, दोन रोपांची टोकं ट्रॉलीला बांधून रोप ओंडक्याखालून फिरवून परत ट्रॉलीवरून पलीकडे घ्या आणि पलीकडून दोन्ही रोप एकसारखे ओढा. ओंडका गडगडत वर येतो आणि निम्म्याच जोरात येतो. ओंडक्याच्या खालच्या बाजूला कोणी थांबायचं नाही आणि ट्रॉलीच्या चाकांना दोन्हीकडून दगड हवेत.

चिराईआधी साल काढा. ओढत आणलेल्या ओंडक्याच्या सालीत जांभ्याची खर आणि माती भरलेली असते, करवतीची धार पहिल्या दोन फेऱ्यांतच जाते. सागात मुळातच सिलिका असते, त्यात ही भर नको. कुंपणाच्या बाभळी असतील तर तोंडाकडे नीट पाहा. लाकडात निळसर-काळा डाग पसरलेला दिसला तर आत खिळा किंवा काटेरी तार आहे असं समजा. लाकडातलं टॅनिन लोखंडाशी मिळून तो रंग देतं. वीस वर्षांत झाडाने तार पार गिळलेली असते आणि बाहेर काही दिसत नाही. तो तीन-चार फुटांचा तुकडा जळणात टाका, एका फळीसाठी पातं आणि डोळा धोक्यात घालू नका.

चिरायचं कशाने? तीन मार्ग आहेत. चेनसॉला बसवायची चौकट स्वस्त पडते आणि ओंडका जागेवर चिरता येतो, पण त्याला मोठ्या इंजिनाची, सत्तर सीसी किंवा जास्त, करवत लागते आणि उभ्या चिराईसाठी धार लावलेली वेगळी साखळी. साखळी नऊ-दहा मिलिमीटर लाकूड भुशात घालवते. दुसरा मार्ग पट्टा करवतीचा, तिचं पातं अडीच मिलिमीटरच्या आसपासच लाकूड घालवतं. १२ इंची चौकोनी ओंडक्यातून इंची फळ्या काढल्या तर पट्टा करवतीवर ११ निघतात, चेनसॉवर ९. जाड तुळया आणि खांब काढायचे असतील तर हा फरक नगण्य आहे. फळ्या काढायच्या असतील तर सागात तरी चेनसॉ नको. तिसरा मार्ग पीटीओवरच्या गोल करवतीच्या बाकाचा. हा मी कोणालाच सुचवत नाही. लांब फळी पात्यामागे मिटते, पात्याला चावते आणि माणसाच्या अंगावर फेकली जाते. जळण कापायला असा बाक असेल तर असू दे, ओंडके चिरायला नको.

पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, सेकंदाला नऊ. लुंगीचा सोगा, उपरण्याचं टोक, ओढणी, सैल बाही, यातलं काहीही त्यावर गुंडाळलं गेलं तर माणसाला इंजिन बंद करायला वेळ उरत नाही. दांड्यावरचं प्लास्टिकचं आवरण तुटलं म्हणून काढून ठेवलेलं घरोघरी दिसतं. ते आधी बदला. पात्याला हात लावायचा तर इंजिन बंद आणि किल्ली खिशात.

करवतीच्या यंत्राची परवानगी लवकर हाती आली नाही तर जुना मार्ग अजून आहे. ओंडका उंच घडवंचीवर चढवायचा, गेरूत भिजवलेलं सूत ताणून त्यावर सरळ रेघ उठवायची आणि एक माणूस वर, एक खाली उभं राहून लांब करवतीने चिरायचं. कोकणातल्या जुन्या घरांच्या तुळया अशाच निघाल्या आहेत. हाताने चिरणारी जोडी आता शोधावी लागते, पण छपराच्या चार-सहा मुख्य तुळयांसाठी हे जमण्यासारखं आहे.

चिरताना बाभळीचा स्वभाव सांभाळा. तिच्यात ताण भरलेला असतो. एकाच बाजूने फळ्यामागून फळ्या काढत गेलात तर उरलेला ओंडका धनुष्यासारखा वाकतो आणि पुढच्या फळ्या एका टोकाला जाड, दुसऱ्याला पातळ निघतात. दोन फळ्या एका बाजूने, मग ओंडका उलटून दोन दुसऱ्या बाजूने. गाभ्याचा मधला बिंदू फळीत ठेवू नका, तिथून ती फाटणारच. तो मधला भाग चौकोनी खांबात जाऊ द्या. बाभळीचे वासे मांगराला चांगले, पण बाहेरचं पांढरं लाकूड किडीला आमंत्रण आहे. लावलेल्या तरुण सागातही पांढरा भाग रुंद असतो आणि साग आहे म्हणून त्याला वाळवी सोडत नाही. टिकाऊपणा गाभ्यात आहे. फणसाचा चीक पात्याला चिकटतो, पात्यावर साबणाच्या पाण्याची बारीक धार ठेवली की करवत तापत नाही. फणसाच्या फळ्या गोठ्यात घालवू नका, दार-खिडकीला राखून ठेवा.

माप घेताना इंचाच्या फळीला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, जास्त धरा. सुकताना आणि रंध्याखाली तेवढं जातं.

पांढरं लाकूड ठेवायचंच असेल तर चिरल्या दिवशीच, ओलं असताना, बोरॅक्स तीन भाग आणि बोरिक ऍसिड दोन भाग असं मिश्रण करून त्याच्या पाच टक्के द्रावणात फळ्या बुडवा, मग आठवडाभर प्लास्टिकखाली दडपून ठेवा. द्रावण ओल्या लाकडात हळूहळू आत झिरपतं. लाकूड सुकल्यावर हे केलं तर ते वरच राहतं. पावसात भिजणाऱ्या जागी याचा उपयोग नाही, पाण्याबरोबर धुऊन जातं. छपराखाली मात्र भुंगेऱ्यांवर चांगलं चालतं.

आणि मग वाळवणी. इथेच बहुतेकांचं लाकूड वाया जातं. फळ्या एकावर एक रचून, वर ताडपत्री गुंडाळून मे महिन्यात उघडल्या की काळ्या बुरशीचा थर निघतो. जमिनीपासून दीड फूट उंच चिऱ्यांवर सपाट बैठक करा, पाणसळीने नाही तर निदान पाण्याच्या नळीने लेव्हल बघून. फळ्यांच्या प्रत्येक थरामध्ये सुक्या लाकडाच्या इंची पट्ट्या, दर दीड फुटावर, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकाखाली एक. पट्टी रेषेत नसेल तर फळी त्या जागी झोळ घेते आणि तसाच झोळ कायमचा राहतो. वरच्या थरावर चिऱ्यांचं वजन. वर पत्रा, बाजू उघड्या, ऊन थेट नको. जूनच्या आधी हा सगळा गंज (फळ्यांची रास) पश्चिमेची झड येणार नाही अशा पडवीत किंवा मांगरात हलवा.

इंची फळी डिसेंबरात चिरली तर मेअखेर छपराच्या कामाला येते. दोन इंची तुळई किंवा चौकट पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबू द्या. सुकलं की नाही हे बोटाने कळत नाही. गंजातला एक हातभर तुकडा वेगळा ठेवा आणि दर पंधरवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून वजन त्याच्यावरच लिहा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड हवेशी जुळलं. पण कोकणातली हवा पावसाळ्यात लाकडात १७-१८ टक्के ओल ठेवते आणि उन्हाळ्यात ती बरीच उतरते. आडव्या धाग्यात सागाची आठ इंची फळी या फरकाने दोन-अडीच मिलिमीटर हलते. श्रावणात दारं अडकतात ती यामुळेच. मेमध्ये दार बसवणार असाल तर चौकटीत तेवढी फट सोडा. जुलैत बसवणार असाल तर घट्ट बसलेलं चालेल.

ट्रॅक्टरवरचा खर्च म्हणाल तर पैसे या क्रमाने घाला: तुमच्या ट्रॅक्टरला रोल बार नसेल तर आधी तो आणि त्यासोबत सीटबेल्ट, रोल बारशिवाय नुसता बेल्ट बांधायचा नाही. मग पुढची वजनं, पीटीओचं आवरण, एक उघडणारी पुली, दोन रुंद पट्टे, शॅकल आणि पन्नास मीटर चांगला वायररोप. टिरफर गावातल्या बोअरवेलवाल्याकडे किंवा ट्रान्सफॉर्मर बसवणाऱ्या ठेकेदाराकडे भाड्याने मिळू शकतो, तो विकत घ्यायची घाई नको. कागदपत्रं आत्ता सुरू केलीत तर येत्या डिसेंबरात पहिला ओंडका खळ्यात येईल. पहिली ओढ गडग्यालगतच्या सगळ्यात बारीक बाभळीवर घ्या, सपाटीवरच, आणि तिघांच्या हाताच्या खुणा एकमेकांना नीट कळायला लागल्यावरच उताराकडच्या झाडांना लागा.